पाच रकान्यांची वही

प्रिय इरा आणि निशांत,

मागच्या आठवड्यात इराने तिच्या बाळंतपणाचा आराखडा मला पाठवला. नीट टाइप केलेली दोन पानं. खोलीत उजेड किती असावा, जवळ कोण असावं, बाळ जन्मल्यावर आधी कोणाच्या अंगावर ठेवावं, सगळं त्यात होतं. खाली लिहिलं होतं, "आजी, मी तुझ्यासारखीच शिस्तीची आहे ना?"

मी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. तुमची आई पोटात होती तेव्हा मीही असाच एक आराखडा केला होता. त्यानंतर जे झालं त्याला आमच्या नातेवाइकांत आजही 'सुलभाची कावीळ' म्हणतात. मला कावीळ कधीच झाली नव्हती.

लिहिण्याआधी चारूला, म्हणजे तुमच्या आईला, फोन करून विचारलं. ती वीस वर्षांची झाली तेव्हाच मी तिला हे सांगितलेलं आहे. ती म्हणाली, "लिही. पण मोरीतल्या मुंग्या गाळू नकोस."

नाही गाळणार. क्रमाने सांगते.

तयारी

तुमचे आबा तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनीअर होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी नागपूरला धंतोलीत आईकडे आले. बाबा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. घरात आई आणि मी, दोघीच.

लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, असं मानण्याची मला सवय होती. सीताबर्डीच्या एका वाचनालयातून मी बाळंतपणावरचं इंग्रजी पुस्तक आणलं. मन शांत ठेवून श्वास मोजला तर कळा सोसता येतात, आणि मूल जन्मताच आईच्या मनात मायेचा पूर येतो, असं त्यात होतं. मी रोज दुपारी चटईवर पडून श्वास मोजायची. आई दारातून बघायची आणि म्हणायची, "काहून वं, श्वासही आता पुस्तकातून घेतेस?"

एक जाड वही आणली. सव्वा महिन्याची पानं आधीच आखून ठेवली. पाच रकाने केले: वेळ, दूध, झोप, लंगोट आणि शेरा. शेवटचा रकाना शाळेतल्या प्रगतिपुस्तकातून आलेला. पहिल्या पानावर, रकान्यांच्याही वर, एक ओळ लिहून ठेवली होती: 'बाळाचं पहिलं रडणं ऐकलं, वेळ', आणि पुढे रिकामी जागा. ती जागा मी घड्याळ बघून स्वतः भरणार होते. घड्याळ दवाखान्यात न्यायच्या पिशवीत ठेवलेलं होतं.

चार नंबर

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. नवतपा सुरू झाला होता, म्हणजे नागपुरात सकाळी आठनंतर दार उघडू नये असे नऊ दिवस. कळा पहाटे सुरू झाल्या. दुपारपर्यंत मी श्वास मोजत होते, इंग्रजीत. मग मोजणं चुकायला लागलं. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर कान लावला, नर्सकडे बघितलं आणि आईला बाहेर बोलावलं. बाळाचे ठोके मंद होत होते. नाकावर काहीतरी ठेवलं गेलं. मी 'सेव्हन' म्हटलेलं मला आठवतं. 'एट' आठवत नाही.

जाग आली तेव्हा सकाळ होती. पोटावर टाके होते आणि ओठ चिकटले होते. आया फरशी पुसत होती. तिने सांगितलं, मुलगी झाली, बरी आहे, पलीकडच्या खोलीत आहे. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "रडली का?"

"रडलीच असंल ना बाई. त्याबिगर कोणी जगते का?"

"किती वाजता?"

तिने फडकं बादलीत पिळलं. मग बादली उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सने दुपट्ट्यात गुंडाळलेली एक मुलगी माझ्या शेजारी ठेवली. तिचं नाक आबांसारखं होतं, बोटं लांब होती. मी पूर येण्याची वाट पाहिली. काहीच आलं नाही. कुणीतरी आपलं सामान जरा धरायला दिलं आहे आणि ती बाई आत्ता परत येईल, असं वाटत राहिलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसं?

दवाखान्यात खाटेच्या नंबरावरून मला चार नंबर म्हणत. सकाळी सहाला तोंडात थर्मामीटर, सातला किटलीतला चहा, दहाला टाक्यांची पट्टी, चारला भेटायला येणारे. बाकी तिघी दुसऱ्या दिवशी हळूहळू चालत नळापर्यंत जायच्या आणि एकमेकींना आपापल्या कळा सांगायच्या. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. भेटायला आलेली एक आत्या माझा गाल धरून म्हणाली, "तुझं बाकी सोपं झालं गं. कळा नाहीत की काही नाही, झोपली आणि पोर मिळाली."

मी दिवसभर कळा दिल्या होत्या. पण मलाही वाटायला लागलं की आपण परीक्षेला बसलोच नाही आणि पास झाल्याचं सर्टिफिकेट तेवढं घेऊन आलो.

शेगडी

घरी आल्यावर मागची खोली माझी. सव्वा महिना बाहेर यायचं नाही. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, आणि बाहेर नवतपा उलटला तरी तसंच ऊन. समोरच्या खोलीत वाळ्याच्या ताटीवर आई पाणी मारायची, त्याचा वास दाराखालून येई. तो थंडावा मात्र माझ्यासाठी नव्हता. वारा लागेल म्हणून माझ्या खोलीचं दार लोटलेलं असे.

आई वाईट नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते ती जीव लावून करत होती. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी. पण ती आत यायची ती ताट घेऊन आणि जायची ती ताट घेऊन. मधल्या वेळात मी, ती मुलगी आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

आबा रविवारी स्कूटरवरून येत. दाराच्या चौकटीत उभे राहत, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने फार वेळ थांबायची पद्धत नव्हती. "बरी आहेस ना?" ते विचारत. मी वही पुढे करत असे. ते पानं उलटत, मान हलवत. एकदा म्हणाले, "तू तर आमच्या कंट्रोल रूमपेक्षा नीट लिहून राहिली."

त्या दिवशी ते गेल्यावर मी कितीतरी वेळ स्कूटरचा आवाज ऐकत होते. तो थांबल्यावरही.

वही

इरा, आता जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन दिवस लागले.

माझं दूध पंधरा दिवसांत जवळजवळ आटलं. आई गाईचं दूध पातळ करून, उकळून वाटीत आणून ठेवायची. मी ते बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजायचं, असं ठरलं होतं. पहाटेचं आणि रात्रीचं आई स्वतः पाजत असे. मधल्या पाच वेळा माझ्या.

वाटी समोर असायची. मुलगी शेजारी असायची. उठून तिला मांडीवर घ्यायचं आहे हे मला कळत असे. पण कळणं आणि हात उचलणं यांच्या मधला रस्ता संपतच नसे. मी वाटीकडे बघत बसायची. दुधावर साय धरायची. मग घड्याळात बघितलं की पाजायची वेळ टळून गेलेली असे, आणि त्या उन्हाळ्यात दूध तासाभरात नासायचं. नासलेलं दूध बाळाला देऊ नये, हे पुस्तकातही होतं. म्हणून मी ते खोलीला लागून असलेल्या मोरीत ओतून द्यायची. आणि वहीतला रकाना रिकामा राहू नये म्हणून भरायची. 'नऊ वाजता, पूर्ण वाटी.'

मला तिला दुखवायचं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, फक्त लिहून ठेवते. मला वाटायचं, जिची ही आहे ती येईल आणि पाजेल.

सुरुवातीला दिवसातून एकदा असं व्हायचं. मग दोनदा, तीनदा. शेवटी शेवटी मी सकाळीच रात्रीपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकायला लागले. तेवढं झालं की दिवस संपल्यासारखं वाटायचं. आई जेवणाचं ताट न्यायला येताना वहीवर नजर टाकायची आणि शेजारणीला सांगायची, "आमच्या सुलभाचं सगळं घड्याळावर असतं." मुलगी दिवसेंदिवस कमी रडायला लागली होती. त्याचंही घरात कौतुकच झालं. किती शहाणी पोर आहे म्हणून.

मुंग्या

गिरजाबाई रोज सकाळी मालीश करायला यायची. आधी माझं अंग रगडायची, मग मोरीत पाटावर पाय पसरून बसायची आणि मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वहीचं तिला काही वाटत नसे.

एके दिवशी तिने मुलीच्या मांड्यांना तेल लावता लावता हात थांबवला. कातडी चिमटीत धरून सोडली, परत धरली. मग मोरीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"काहून वं बाई, मोरीले मुंग्या काहून लागल्या?"

तिने बोटाने मोरीचा कडेचा दगड खरवडला. पांढरा थर निघाला. तिने तो नाकाशी नेला. मला वाटलं, आता ही ओरडेल. मी तिच्या ओरडण्याची वाटच बघत होते, इतक्या दिवसांत प्रथमच मला कशाची तरी वाट बघावीशी वाटली. पण तिने मुलीला पुसलं, दुपट्ट्यात बांधलं, आईला हाक मारून वाटीभर दूध आणायला सांगितलं आणि तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसून तिला ते पाजलं. मुलगी दोन्ही मुठी आवळून पीत होती. घशातून आवाज येत होता. तो आवाज मी अजूनही विसरलेले नाही.

मग ती आईला म्हणाली, "माय, दवाखान्यात ने."

आई घाबरली. "लेकराला काय झालं?"

"लेकराले नाही. लेकरू पिईन तं भरून येईन. बाईले ने. बाई इथं नाहीच."

आई वही घेऊन आली. हे काय, सगळं तर लिहिलेलं आहे, असं म्हणत तिने पानं उघडून गिरजाबाईपुढे धरली, जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. गिरजाबाईने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी फोन करून आबांना बोलावलं. ते आले ते थेट खोलीत आले आणि खाटेवर बसले. पद्धत वगैरे कुणाला आठवली नाही. त्यांनी वही उजेडात धरली. शाई, अक्षराचा कल, ओळींमधलं अंतर बघितलं. "हे एका बैठकीत लिहिलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे रीडिंग न घेता लॉगशीट भरतात, ती अशीच दिसते."

आई रडायला लागली. मी आबांकडे बघत होते. त्यांनी वही मिटली.

"असं भरणारा प्रत्येक माणूस कामचुकार नसतो," ते म्हणाले. "एखादा मीटरकडे बघायला घाबरलेला असतो. चूक माझी आहे. मी दर रविवारी कागद तपासत होतो."

निदान

सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून गेलं की मनाच्या डॉक्टरांची खोली होती. पाटीवर नुसतं नाव होतं, कशाचे डॉक्टर ते लिहिलेलं नव्हतं. आई आमच्यामागे दहा पावलं ठेवून, पदर तोंडावर ओढून चालत होती. कुणी ओळखीचं भेटलं तर ती साड्या बघायला आली होती.

डॉक्टर वयस्कर होते. आबांनी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं सावकाश उलटली. मला वाटलं, ते दुधाच्या रकान्याबद्दल विचारतील. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तीन आठवड्यांत तो एकदाही भरलेला नव्हता.

"इथे काही लिहावंसं वाटलं नाही?"

मी मान हलवली.

"आज लिहायचं झालं तर काय लिहाल?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मी म्हटलं, "ही माझी नाही." मग म्हटलं, "मी तिला जन्मताना पाहिलं नाही. मी तिथे नव्हतेच."

आबांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं नाही, दचकले नाहीत. ताप आहे असं सांगावं इतक्या साध्या आवाजात ते बोलले. हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना होतो, आणि जसं व्हावं असं मनात धरलं होतं तसं झालं नाही की जास्तच बसतो. गोळ्या आहेत. झोप हवी. शेगडी बंद, दार उघडं, दुसऱ्या माणसाने सोबत असायचं. आणि वही बंद.

"माया कधी येईल?" मी विचारलं. मला तारीख हवी होती.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण ती यायच्या आधीही मुलीला दूध पाजता येतं. तेवढंच करा."

त्या वाक्याने मला उभं केलं. प्रेम करता येत नव्हतं. दूध पाजणं मात्र करण्यासारखं होतं, जवळ कुणी असलं तर.

कावीळ

खरा आजार सांगायचा नाही, हे आई आणि कळमेश्वरच्या माझ्या सासूबाई यांनी मिळून ठरवलं. एरवी त्या दोघींचं एकमत होत नसे. मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक थेट वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोचत, आणि पुढे मुलीच्या लग्नात कुणी ते काढलं तर? तेव्हा मुलगी जेमतेम महिन्याची होती. म्हणून कावीळ. मग भेटायला येणारा प्रत्येक जण उसाचा रस घेऊन आला. तेल-तूप बंद करावं लागलं. महिनाभर मी बिनफोडणीचं वरण खाल्लं, नसलेल्या आजाराचं पथ्य म्हणून. असलेल्या आजाराबद्दल मात्र कुणी विचारू शकत नव्हतं. एकटेपणा खोलीच्या बंद दाराने आला होता. दार उघडल्यावर तो कावीळ या शब्दाने टिकून राहिला.

गिरजाबाई तेवढी रोज विचारायची. मालीश करताना, हात न थांबवता. "आज कसं हाये?" मी म्हणायची, "तसंच." ती म्हणायची, "असू दे." यापेक्षा जास्त धीर मला त्या उन्हाळ्यात कुणी दिला नाही.

इरासाठी

तुझा आराखडा चांगला आहे. तो फाडू नकोस. पण त्यातलं काही मनासारखं झालं नाही तर तू नापास झालीस असं समजू नकोस. आणि बाळ हातात आल्यावर तुला काही वाटलं नाही तर ते मला सांग. त्याच दिवशी सांग, वेळ कितीही असो. मी घाबरणार नाही. निशांत, तुझं काम वेगळं आहे. बहिणीला फोन केलास की बाळ कसं आहे हे नंतर विचार. आणि ती म्हणाली "सगळं छान चाललंय", तर फोन ठेवू नकोस.

खापरखेडा

सप्टेंबरात आम्ही कॉलनीत परत आलो. चिमणीची राख वाळत घातलेल्या लंगोटांवर बसायची, ते झटकून घ्यायला लागायचे. गोळ्या चालू होत्या. मी वेळेवर दूध पाजत होते, न्हाऊ घालत होते, एखादी चांगली नर्स करील तसं. शेजारी मिश्रा बहनजी होत्या. त्यांना कावीळ सांगितली होती की नाही, आठवत नाही. त्यांनी माझा चेहरा एकदा बघितला आणि म्हणाल्या, "दोपहर को बच्ची मेरे पास छोड़ दिया करो, तुम सो जाओ." त्यांचा नातू चारूच्याच वयाचा होता. दोघांना एकाच सतरंजीवर ठेवायच्या.

एका दुपारी मी कणीक भिजवत होते. आबा ड्यूटीवर होते. पलीकडून रडण्याचा आवाज आला. मग त्यात दुसरा मिसळला. दोन मुलं एकदम रडत होती, मध्ये दोन भिंती आणि एक अंगण.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी अंगणात होते. मग त्यांच्या ओसरीवर होते. हाताला कणीक तशीच. बहनजींनी नातवाला उचललं होतं आणि चारू सतरंजीवर लाल होऊन रडत होती.

"अरे, मैं देख लेती," त्या म्हणाल्या. "दोनों रो रहे हैं, आज इनका यही चल रहा है."

"हो," मी म्हटलं. "पण ही माझी आहे."

चारूला घेऊन घरी आले. ती खांद्यावर हुंदके देत देत शांत झाली. तिच्या झबल्याला आणि केसांना सगळीकडे कणीक लागली. तिला तसंच एका हाताने धरून मी ट्रंक उघडली आणि तळाची वही काढली. पहिल्या पानावरची जागा रिकामी होती. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

ते पान आता माझ्यासमोर आहे. कणकेचा डाग पिवळा पडला आहे, अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हातावर ती होती. 'बाळाचं पहिलं रडणं ऐकलं, वेळ: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वय साडेचार महिने.'

तुमची,
आजी